हिरव्या पट्ट्याचं सिलिंडर

गावात नळाला पाणी आठवड्यातून दोनदा यायचं, पण रुग्णवाहिका नऊ मिनिटांत यायची. अर्थात गावासाठी नाही. ती यायची कड्यावरून घसरलेल्या प्रवाशांसाठी. गावकरी रस्त्याच्या कडेला उभे राहून तिच्याकडे कौतुकानं बघायचे. दुसऱ्याच्या घरची वरात बघावी तसे.

कडा ही गावाची एकमेव कमाई. लांबलांबच्या देशांतली माणसं तो बघायला यायची, तीनशे बारा पायऱ्या चढायची आणि वर पोचली की कड्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायची. मागं न बघता मागं सरकायची. बाकीचं काम कडा करायचा.

एके वर्षी असाच एक वजनदार पाहुणा पडला. त्याला खाली आणायला पाच तास लागले, ते पाच तास जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि सरकारची झोप उडाली. सहा महिन्यांत 'प्रवासी आपत्कालीन केंद्र' उभं राहिलं. दोन खाटा, एक मॉनिटर, एक डॉक्टर, एक सिस्टर, एक गाडी. गाडीला टायर तेवढे मिळेनात. मग गावच्या सरकारी दवाखान्याच्या गाडीचे काढून बसवले. ती गाडी तेव्हापासून विटांवर उभी आहे. तिच्या मागच्या सीटवर एका मांजरीची तीन बाळंतपणं झाली. गावात सुखरूप बाळंतपणाची तेवढीच खात्रीची जागा.

या केंद्राचे कंपाउंडर म्हणजे मिनिटकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि तिथंच राहिलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी केंद्राचा सराव व्हायचा. खोटा अपघात, खोटा रुग्ण, खरी गाडी. पर्यटन खात्याचे साहेब वही घेऊन बघायला यायचे आणि काका गळ्यात स्टॉपवॉच अडकवून गाडीचं दार लागल्यापासून केंद्राच्या फाटकापर्यंतची मिनिटं मोजायचे. एकोणीस वर्षं मोजली. नियमही त्यांनीच लिहिले, सुवाच्य अक्षरात, अठ्ठावीस. पहिलाच नियम होता: पासपोर्ट नंबर लिहिल्याशिवाय गाडी हलणार नाही, सराव सोडून.

सरावाला रुग्ण लागायचा. गावातल्या बाया लाजायच्या, पुरुषांना स्ट्रेचरवर झोपवलं की गुदगुल्या व्हायच्या. शेवटी काकांनी घरचंच माणूस उभं केलं, म्हणजे आडवं केलं. काकू पायऱ्यांच्या तळाशी अशा झोकात पडायच्या की एकदा एका खऱ्या प्रवासी बाईनं त्यांना पाणी पाजलं होतं. गाडी फाटकाशी आली की सराव संपायचा. काकू उठून बसायच्या, केस सारखे करायच्या आणि म्हणायच्या, "झालं का तुमचं? चहा टाका."

एकदाच त्यांनी तक्रार केली.

"अहो, त्या मास्कमधून काही येत नाही. उलट माझाच श्वास मला परत मिळतो."

"हिरव्या पट्ट्याचं सिलिंडर आहे ते. सरावाचं. रिकामंच असतं. भरलेली मोजकी आहेत, ती खऱ्या माणसासाठी."

"आणि मी कोण?"

"तू सराव आहेस."

"चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा खरं बोललात," काकू म्हणाल्या आणि चहा घेऊन आत गेल्या.

हिरवा पट्टा काकांनी स्वतः मारला होता, दारांना लावून उरलेल्या रंगानं. साहेबांनी ती काटकसर भर बैठकीत वाखाणली होती.

सरावात एक नातेवाईकही लागायचा. ते काम पायऱ्यांशी टोप्या विकणाऱ्या टोपीवाल्या मावशींकडे होतं. साहेबांचं म्हणणं, नातेवाईक फार शांत वाटतो, खरे नातेवाईक असे नसतात. म्हणून काकांनी मावशींना एक वाक्य लिहून दिलं: 'अहो, हे खरं आहे, नाटक नाही!' मावशी ते असं म्हणायच्या की ड्रायव्हर दर वेळी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायचा. त्यावर काकांनी आणखी एक नियम केला. सत्तावीस क्रमांकाचा. नातेवाईक काहीही ओरडला तरी पथकानं विचलित होऊ नये.

दोन महिन्यांपूर्वी काकूंचे पाय सुजायला लागले. मग धाप लागायला लागली. आधी दोन उशा लागल्या, मग तीन, आणि मग काकू भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागल्या. आडवं झालं की गुदमरायच्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टर दर गुरुवारी येतात. त्यांनी नळी लावून छाती ऐकली आणि काकांना बाजूला घेतलं.

"हृदय दमलंय. फुप्फुसात पाणी आहे. शहरात न्या, लवकर. पण चार तासांचा रस्ता आहे, ऑक्सिजनशिवाय नेऊ नका. बसनं तर नकोच."

"मग कशानं?"

"आपली गाडी आहे ना बाहेर," डॉक्टर म्हणाले. ते नवीन होते. खिडकीतून त्यांना गाडी दिसत होती, विटा दिसत नव्हत्या.

काका घरी आले आणि त्यांनी विचार केला. विचार कसला, हिशोबच. चालती गाडी गावात एक, ऑक्सिजन एका कपाटात, दोन्ही केंद्राचं. केंद्र पासपोर्टवाल्यांचं. पण काकांना केंद्राची एक खोच ठाऊक होती, जी साहेबांनाही ठाऊक नव्हती. आत गेलेल्या रुग्णाला तसंच घरी पाठवायचा फॉर्मच नव्हता. फॉर्म दोनच होते, एक दाखल करण्याचा आणि एक शहरात हलवण्याचा. एकदा खाटेवर पडलेलं माणूस शहराच्या दिशेनंच बाहेर पडू शकत होतं. म्हणजे काकूंना फक्त त्या खाटेपर्यंत पोचवायचं होतं. आणि पासपोर्टशिवाय गाडी हलायची एकच वाट होती. सराव.

त्यांनी साहेबांना अर्ज केला: 'या खेपेचा सराव फाटकाशी न थांबवता खाटेपर्यंत न्यावा, जेणेकरून पथकाची संपूर्ण तयारी तपासता येईल.' साहेबांनी 'उत्तम कल्पना' असा शेरा मारून सही केली.

"ड्रायव्हरला सांगा ना सरळ," काकू म्हणाल्या. त्यांना एका दमात आता चारच शब्द जमायचे. "पोरगा चांगला आहे."

दोन वर्षांपूर्वी त्या चांगल्या पोराचे वडील शेतातून येताना कोसळले होते. पोरगा गाडीची किल्ली हातात घेऊन काकांसमोर उभा होता. काकांनी रजिस्टर उघडलं होतं, पेनाचं टोपण काढलं होतं आणि विचारलं होतं, "पासपोर्ट नंबर?" वडिलांना हातगाडीवरून सरकारी दवाखान्यात नेलं. तो दिवस गुरुवार नव्हता. त्यानंतर ड्रायव्हर त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. रोज नमस्कार मात्र करायचा, आणि तो नमस्कार काकांना रोज लागायचा.

"आणि सिस्टर? ती तुम्हाला गुरू मानते."

"म्हणूनच नको. मी तिला काय शिकवलंय ते मला माहीत आहे."

"म्हणजे साऱ्या गावात... तुम्हाला मागता येईल... असं कुणी नाही," काकू म्हणाल्या. थोडा श्वास गोळा केला. "चांगली नोकरी केलीत."

मंगळवार उजाडला. काका पहाटेच केंद्रात गेले. गाडीतलं हिरव्या पट्ट्याचं सिलिंडर त्यांनी उतरवलं आणि कपाटातलं भरलेलं चढवलं. चावी फिरवून सुस्कारा ऐकला. एकोणीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा पहिला नियम. पाना दोनदा हातातून निसटला. मग घरी येऊन त्यांनी काकूंना शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसवलं, स्वतः बाजूनं धरून चालत राहिले आणि पायऱ्यांशी टोपीवाल्या मावशींच्या बाकड्यावर आणून टेकवलं.

मावशींनी काकूंकडे पाहिलं. "अगं बाई. रंग बघ हिचा. हे आज आधीपासूनच सुरू केलंस का गं?"

"तयारी," काकू म्हणाल्या.

दहा वाजता शिट्टी झाली. गाडी आली. ड्रायव्हरनं झोकात वळण घेतलं, सिस्टर स्ट्रेचर घेऊन उतरली. मागं साहेब आपल्या गाडीत, वही उघडून. सिस्टर चटपटीत पोर, नियम तोंडपाठ. तिनं काकूंना आडवं केलं आणि छातीवरून पट्टा आवळला.

"सपाट नको गं," काकू म्हणाल्या.

"काकू, आज काय काम करताय! अंगावर काटा आला."

"सिस्टर, डोकं जरा उंच ठेवा," काका म्हणाले.

सिस्टरनं आश्चर्यानं पाहिलं. "काका, नियम सहा. पडलेल्याला सपाटच. मणका." आणि आवाज खाली आणून, "परीक्षा घेताय ना माझी?"

साहेबांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. काकांनी मनात गणित केलं: नऊ मिनिटं. ऑक्सिजन आहे. नऊ मिनिटं निघतील. मग खाट, मग पाठीशी उशा, मग शहर. त्यांनी मान हलवली. एकोणीस वर्षांची सवय अशी एका सकाळीत मोडत नाही.

"अहो, हे खरं आहे, नाटक नाही!" मावशी ओरडल्या. ड्रायव्हर हसला. दार लागलं.

काका पुढच्या सीटवर बसले. वेळ मोजणाऱ्यानं मागं बघायचं नाही, हाही नियम त्यांचाच. गाडी बाजारातून निघाली, सायरन लावून. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. दुसऱ्या मिनिटाला पाठीमागची छोटी खिडकी सरकली आणि सिस्टरचा आनंदी आवाज आला.

"काका, रागावणार नसाल तर सांगते. आज मी तुमची चूक पकडली."

"कसली?"

"गाडीत भरलेलं सिलिंडर चढलं होतं. पहाटे कुणीतरी घाईत चढवलं असेल. मी आठ वाजता तपासणी केली, तुमच्याच यादीनं. उतरवलं आणि हिरवं चढवलं. नाहीतर एक सिलिंडर फुकट गेलं असतं."

काकांना क्षणभर ते वाक्य समजलंच नाही. मग ते सीटवरच मागं वळले.

"मास्क काढ तिचा. पट्टा सोड. बसव तिला, बसव."

"काका?"

"अगं, हे खरं आहे. नाटक नाही."

सिस्टर खळखळून हसली. ड्रायव्हरनंही ओठ दाबले. "काका," तो म्हणाला, "मावशींच्या पोटावर पाय देऊ नका."

काकूंचा हात वर आला होता. बोटं मास्कशी चाळवत होती, आणि पट्ट्यानं दंड आवळल्यामुळे नेमकी पोचत नव्हती. सिस्टरनं तो हात प्रेमानं धरून खाली ठेवला. 'रुग्ण घाबरून मास्क ओढतो, त्याला धीर द्यावा.' नियम अकरा.

"सिस्टर, माझ्याकडे बघ," काका म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघ."

सिस्टरनं पाहिलं. चौथं मिनिट संपत आलं होतं. तिनं एकोणीस वर्षांचे नियम त्या चेहऱ्यावरून उतरताना पाहिले असावेत, कारण ती पुढं काही न विचारता खाली वाकली आणि मास्क ओरबाडून काढला. पट्ट्याचा खटका जाम होता. तो नेहमीच जाम असायचा. सरावाला चालायचं.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडी अशी सोडली की बाजारातल्या एका दुकानाची फळी गेली.

फाटकाशी साहेबांनी स्वतःचं घड्याळ पाहिलं, तेही मागोमाग त्याच वेगानं आले होते. "सहा पन्नास," ते म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. "विक्रम." केंद्राचे डॉक्टर पायरीवर कप घेऊन उभे होते.

"काकू, उठा. चहा निवतोय."

कुणी उठलं नाही.

मग मात्र सगळं फार चांगलं झालं. डॉक्टरांनी कप टाकला आणि धावले. सिस्टरनं कपाट उघडून भरलेलं सिलिंडर ओढत आणलं. ड्रायव्हरनं काकूंना उचलून खाटेवर ठेवलं, पाठीशी उशा लावल्या. डॉक्टर वीस मिनिटं छाती दाबत राहिले, घामानं निथळेपर्यंत. मॉनिटरवर रेघ सरळ होती आणि केंद्रात प्रत्येकजण आपलं काम अचूक करत होता. त्या वीस मिनिटांत कुणीही पासपोर्ट नंबर विचारला नाही. काका कोपऱ्यात उभे राहून त्या प्रश्नाचीच वाट बघत होते. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. रजिस्टरमधल्या एका जुन्या प्रवाशाचे आठ आकडे, रात्रभर बसून पाठ केलेले. ते कुणाला लागलेच नाहीत.

संध्याकाळी ड्रायव्हर घरी आला. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मला सांगायचं होतंत, काका."

काकांनी पाट पुढं सरकवला.

"मी नेलं असतं. सरळ शहरात. रजिस्टर गेलं खड्ड्यात." खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "निदान आता तरी असं वाटतंय."

सिस्टर तीन दिवस कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि भिंतीवरची तपासणीची यादी फाडून कचऱ्यात टाकली. पाचव्या दिवशी साहेबांनी नवी छापून पाठवली.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते परिपत्रक काढत. बैल गेला आणि झोपा केला असं लोक म्हणतात. खात्याचं तसं नव्हतं. बैल गेल्यावर खातं झोपा करायचं तो बैलासाठी नाही, झोप्यासाठी. परिपत्रकात लिहिलं होतं: 'यापुढे सरावात रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती पूर्णपणे निरोगी असल्याचा वैद्यकीय दाखला सक्तीचा राहील.' सिलिंडरबद्दल एक शब्द नव्हता. नियम एकोणतीस. सुवाच्य अक्षरासाठी ते काकांकडेच आलं. काकांनी ते लिहून काढलं, एकाही ठिकाणी खाडाखोड न करता. 'सहा मिनिटं पन्नास सेकंद' ही पाटीही फाटकाशी लागली. प्रवासी तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

पुढच्या महिन्यात रुग्ण मिळेना. गावातलं कुणी स्ट्रेचरजवळ फिरकेना.

"मी होतो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे त्यांची तपासणी केली. नाडी, रक्तदाब, नळी लावून पुढून मागून छाती, मॉनिटरवर हृदयाची रेघ, बोटाला चिमटा. अर्धा तास लागला. केंद्र उघडल्यापासून गावातल्या माणसाची तिथं झालेली ही पहिली पुरी तपासणी.

"ठणठणीत आहात," डॉक्टर दाखल्यावर सही करत म्हणाले. त्यांना काकांकडे बघवत नव्हतं.

मंगळवारी काका पायऱ्यांच्या तळाशी पडले. मावशी आल्या, पण त्यांनी वाक्य म्हटलं नाही. साहेबांनी दोनदा खूण केली, तरी त्या पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. सिस्टरनं पट्टा सैल बांधला. मास्क लावताना ती अडखळली.

"लाव," काका म्हणाले. "हिरवंच आहे ना?"

"हो, काका."

"पट्टा आवळ. नियमाप्रमाणे."

दार लागलं. काका छताकडे बघत पडले. मास्कला रबराचा वास होता आणि त्यात काही येत नव्हतं. आपलाच श्वास आपल्याला परत मिळत होता, दर खेपेला थोडा अधिक गरम, थोडा अधिक शिळा. छातीवर पट्टा होता. हात वर नेऊन त्यांनी पाहिलं. खरंच, बोटं मास्कपर्यंत नेमकी पोचत नव्हती. चार बोटं कमी पडत होती.

ठणठणीत माणसालाही ते अंतर फार वाटत होतं.

गाडी फाटकाशी थांबली. आठ मिनिटं दहा सेकंद. साहेबांनी वही मिटली. सिस्टरनं घाईघाईनं मास्क काढला, पट्टा सोडला.

"काका, झालं. उठा."

काका उठले नाहीत. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. डॉक्टर पुढं आले, नाडी पाहिली, मागं सरकले. ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला.

"उठा की हो," साहेब म्हणाले. "सराव संपला."

काकांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. त्यांनी ते चाचपून शून्यावर आणलं, पुन्हा सुरू केलं आणि साहेबांसमोर धरलं.

"सहा पन्नास होऊ द्या," ते म्हणाले. "तोवर सगळ्यांनी उभं राहायचं."

साहेबांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि वही काखेत धरली. उन्हात सगळे उभे राहिले. सहा मिनिटं पन्नास सेकंद हा फार मोठा वेळ असतो. एकोणीस वर्षं मोजूनही काकांना ते माहीत नव्हतं.